बारावं नाव

"जरा मागं सरका," असं म्हणत डॉक्टरांनी फुलाफुलांची चादर ओढली, आणि टेंभुर्णे गुरुजी खरोखरच दोन पावलं मागं सरकले.

वाघ उभा होता. नागपुरात, रामदासपेठेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, पुस्तकांचं कपाट आणि शिलाई मशीन यांच्या मधे. एका कानाची कड झिजलेली, पोटाखालची शिवण दिसणारी. पण मान अशी वळवलेली की आपण खोलीत आल्यावरच त्यानं ती वळवली असावी असं वाटे.

"एप्रिल एकोणपन्नास," डॉक्टर म्हणाले. "अकरा माणसं खाल्ली होती यानं, तुमच्या चिचझरीच्या रानात. माझ्या वडिलांनी मारला."

डॉक्टर शरच्चंद्र बोरकुटे म्हणजे चिचझरीच्या शेवटच्या मालगुजारांचे, तिथल्या जमीनदारांचे, चिरंजीव. सत्तरीचे, सरळ कण्याचे, आयुष्यभर शस्त्रक्रिया केलेल्या माणसाचे स्वच्छ, शांत हात. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो आणि चिचझरी अभयारण्याचा वनक्षेत्रपाल होतो. कोल्हापूरजवळच्या हुपरीचा मुलगा, भंडारा जिल्ह्याच्या पार पूर्वेच्या टोकाला.

त्यांच्या दारात आम्ही हात पसरायला गेलो होतो.

अभयारण्याच्या गेटजवळ आमचं माहिती केंद्र होतं. म्हणजे एक पत्र्याची खोली. तिच्यात उन्हानं रंग उडालेले तीन तक्ते, बरणीतला एक साप आणि कागदाच्या लगद्याची एक मगर, जिचा जबडा सहलीच्या मुलांनी कधीच लांबवला होता. सरकारनं नव्या इमारतीला पैसे दिले आणि इमारत उभीही राहिली. पण आत मांडायच्या वस्तूंसाठी छदाम नव्हता. "ते लोकसहभागातून करा," उपवनसंरक्षक साहेबांनी सांगितलं होतं. "दोन ऑक्टोबरला वन्यजीव सप्ताहात उद्घाटन. रिकाम्या खोलीचं उद्घाटन मी करणार नाही, हुपरीकर."

मग मी आणि टेंभुर्णे गुरुजी पावतीपुस्तक घेऊन फिरलो. गुरुजी चिचझरीच्या शाळेचे मुख्याध्यापक. साठीला टेकलेले, दोन्ही गुडघे दुखरे, पण रानाचं वेड. भातगिरण्या झाल्या, तेंदूपत्त्याचे ठेकेदार झाले, किराणा दुकानदार झाले. एका गिरणीवाल्यानं पैशांऐवजी तांदळाचं पोतं दिलं. एका बँकेनं भिंतीवरचं घड्याळ दिलं, तेही बँकेच्या नावाचं. वर्षभरात जे जमलं त्यात एक भिंत रंगली असती. आणि मग एका संध्याकाळी गुरुजींना आठवलं, की मालगुजारांचा मुलगा नागपुरात मोठा डॉक्टर आहे.

"दोन लाख लागतील म्हणालात," डॉक्टरांनी चादरीची नीट घडी घातली. "मी देतो. अर्धे आत्ता, अर्धे उद्घाटनाच्या वेळी. वाघही न्या. मालकीचा दाखला आहे, कागद सगळे आहेत. मुलगा अमेरिकेत असतो, त्याला याचं काही नाही. माझ्यानंतर हा भंगारात जाईल."

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पावतीपुस्तक उघडलं.

"दालनाला वगैरे नाव देऊ नका," डॉक्टर म्हणाले. "बाबांना तसलं काही आवडायचं नाही. फक्त वाघासमोर एक फलक लावा. मजकूर मी लिहून ठेवलाय."

कागदावर सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'चिचझरी परिसरात अकरा जणांचा बळी घेणारा हा नरभक्षक वाघ मालगुजार यशवंतराव बोरकुटे यांनी दिनांक ११ एप्रिल १९४९ रोजी मारला. त्यांच्या धैर्यामुळे या भागातील जनता भयमुक्त झाली.'

"शब्द बदलू नका," ते म्हणाले. मग जरा ओशाळून हसले. "म्हणजे, बदलला नाहीत तर बरं वाटेल."

परतीच्या वाटेवर साकोलीला चहा घेताना गुरुजी एवढंच म्हणाले, "साहेब, सुटलो आपण."

*

वाघ टेम्पोतून आला त्या दिवशी निम्मं गाव गेटवर जमलं. चौघांनी धरून उतरवला आणि नव्या दालनात नेऊन ठेवला. लोक बघून, मुलांना उचलून दाखवून, हसून बोलून गेले. सगळ्यात शेवटी फुलवंताबाई आत आल्या.

फुलवंता मडावी आमच्याकडे रोजंदारीवर होत्या. झाडलोट, पिण्याचं पाणी भरणं, माकडं हाकलणं. वय पंचावन्नच्या पुढं, अंगानं काटक, बोलणं मोजकं. आमच्या कोल्हापूरकडच्या बायकांसारख्याच त्याही 'मी जातो, मी येतो' म्हणत, त्यामुळं मला त्या पहिल्या दिवसापासून घरच्या वाटत. अक्षर येत नसे, पण तक्त्यावरच्या झाडांची नावं पाहुण्यांना त्याच सांगत.

त्यांनी वाघाच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. उकिडव्या बसल्या. पुढच्या डाव्या पंजावरून बोट फिरवलं, मग उजव्या पंजावरून, मग पुन्हा डाव्या. आणि उठून बाहेर गेल्या. मला वाटलं, हात लावून बघावासा वाटला असेल. सगळ्यांनाच वाटत होता.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. भंडाऱ्याचा रंगारी मागच्या भिंतीवर मोहाची झाडं काढू लागला, सुतार चौथरा करू लागला. दोन दिवस, तीन दिवस. दालनात भुशाचे ढीग साचले, रंगाचे डबे लवंडले, आणि बाकी सगळं आवार आरशासारखं लख्ख. चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं.

"फुलवंताबाई, आतलं कोण काढणार?"

त्या रांजण घासत होत्या. हात थांबला. "साहेब, त्या वाघापुढं तुम्ही पाटी लावून रायले म्हणे. काय लिहून रायले तिच्यावर?"

मला वाटलं, यांना हौस आहे. मी खिशातून कागद काढला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. त्या मान खाली घालून ऐकत होत्या.

"भयमुक्त म्हणजे काय जी?"

"म्हणजे लोकांची भीती गेली."

"हो जी," त्या म्हणाल्या. "गेली होती. म्हणूनच माय गेली."

मला कळलं नाही. मी तिथल्या पायरीवर बसलो. त्यांनी हात पदराला पुसले आणि उभ्या उभ्याच सांगितलं. आवाज चढवला नाही की उतरवला नाही.

"आम्ही त्याले तिबोटी म्हणत होतो साहेब. वाघाच्या पंजाचे चार बोटं उमटते मातीत. त्याच्या डाव्या पंजाचे तीनच उमटत. लेकराईलेही ओळखू ये. मालगुजारानं वाघ मारला आन् बैलबंडीवर घालून गावात आणला. मी तेव्हा आठेक वर्षाची असंन. माह्या बापानं पंजा उचलून पाह्यला. चारही बोटं होते."

"मग कोणी बोललं नाही?"

"बोलले ना. म्हातारा पुजारी बोलला. मालगुजार म्हणाले, एखादं बोट वाळूत उमटत नसंल. मंग आम्हालेही तसंच वाटलं. वाटाले पाहिजेच होतं जी. महिना झाला, कोणी रानात पाय टाकला नव्हता. मोहाच्या झाडाखाली महू पडून सडत होता. घरात खाले दाणा नव्हता. मालगुजार म्हणाले, वाघ मेला, जा आता बिनघोर. त्यानं काही खोटं म्हटलं नाही. त्यालेही तसंच वाटलं असंल."

त्यांनी रांजण कलंडवून आतलं पाणी ओतलं.

"सगळे गेले. आठ दिवस कोणाले काही झालं नाही. नवव्या दिवशी माय एकटीच गेली, पहाटचा महू वेचाले. वाकून वेचत होती. वाकलेलं माणूस त्याले जनावरासारखं दिसते."

"आणि तो? तिबोटी?"

"मंग कोठी गेला काय माहीत. मेला असंल. माय शेवटची."

गेटवर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. मी उठलो नाही.

मी त्यानंतर काय बोललो, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या डोक्यात तेव्हा दोन ऑक्टोबर होता. डॉक्टरांचा पहिला चेक वटलेला होता, सुताराला, रंगाऱ्याला पैसे दिलेले होते, आणि दुसरा चेक त्या फलकाला टांगलेला होता.

"फुलवंताबाई," मी म्हणालो, "या गोष्टीला आता अठ्ठेचाळीस वर्षं झाली. डॉक्टर चांगले गृहस्थ आहेत. त्यांनी हात आखडला तर हे सगळं असंच अर्धवट राहील. तुम्ही हे कुणाजवळ बोलू नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"मी कोठी बोलून रायलो जी? तुम्ही इचारलं म्हणून सांगतलं. तुम्हाले जे लिहायचं ते लिहा साहेब. फक्त मले त्या खोलीत झाडाले लावू नका."

आणि त्या पुन्हा रांजण घासू लागल्या.

*

दोन दिवस मी ते मनावेगळं करायचा प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी रेंज ऑफिसचं मागचं कपाट उघडलं. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं चुकीचं निघावं म्हणूनच उघडलं. आठ वर्षांची पोर, पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. काहीतरी घोटाळा झाला असेल.

वाळवीनं कडा खाल्लेली नोंदवही सापडली. अकरा मृतांची यादी होती, गाव आणि तारीख यांसकट. अकरा एप्रिलला 'नरभक्षक ठार, प्रकरण बंद' अशी इंग्रजीत नोंद, खाली सही. पुढच्याच पानावर, वीस एप्रिल: 'सुकरी, लालसू कुमरे याची बायको, राहणार चिचझरी. मोह वेचताना अस्वलाच्या हल्ल्यात मृत. शरीराचा काही भाग मिळाला नाही.'

नववा दिवस.

मी वही उचलली आणि गुरुजींच्या घरी गेलो. त्यांना सगळं सांगितलं, मी फुलवंताबाईंना काय म्हणालो ते सोडून. गुरुजींनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली.

"अस्वल ओरबाडते, फाडते," ते म्हणाले. "अस्वल माणूस खाऊन टाकत नाही, साहेब. लिहिणाऱ्यालेही माहीत असणार. पण वाघाचं प्रकरण बंद झालं होतं ना."

"आता काय करायचं?"

गुरुजी आपले गुडघे चोळत राहिले. "मी तुमच्यासंगं इतकी दारं फिरलो. आता पुन्हा फिराची ताकद नाही माझ्यात. लावून टाका पाटी, असंच सांगाले पाहिजे मी तुम्हाले." मग म्हणाले, "पण पोरं त्या पाटीपुढं उभे राहतील, आन् मला विचारतील, गुरुजी, भयमुक्त म्हणजे काय? तेव्हा मी काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी एकटाच नागपूरला गेलो.

डॉक्टरांनी स्वतः दार उघडलं. जिथं वाघ होता तिथं आता रिकामी जागा होती आणि जमिनीवर चार फिकट डाग. मी वही पुढं ठेवली आणि काही आडपडदा न ठेवता सांगितलं. ते ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा बंद होत गेला.

"हे कोण सांगतं?"

"फुलवंता मडावी. सुकरीची मुलगी. आमच्याकडे कामाला आहेत."

"काय काम करतात?"

"झाडलोट."

ते काही बोलणार होते, पण थांबले. ते थांबले हे मी अजून विसरलेलो नाही.

"आठ वर्षांची होती म्हणालात. आठ वर्षांच्या मुलीला काय आठवतं, मिस्टर हुपरीकर?"

"आई कुठल्या दिवशी गेली ते आठवतं, डॉक्टर."

खिडकीखाली भाजीवाला ओरडत गेला. डॉक्टरांनी वही बंद केली आणि माझ्याकडे सरकवली.

"माझे वडील खोटं बोलणारे नव्हते."

"त्याही तसं म्हणत नाहीत. त्या म्हणतात, त्यांनाही तसंच वाटलं असेल."

"तुम्ही माझ्याकडे बाबांच्या नावावर मागायला आला होतात. आता ते पुसायला आलात." आवाज अगदी हळू होता. "दिलेले पैसे मी परत मागणार नाही. पुढचे देणार नाही. वाघ परत पाठवून द्या."

त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं, आणि दार आपटलं नाही, जपून लावलं.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "हुपरीकर, झाडूवालीची साक्ष काढायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" रंगाऱ्याला थांबवलं. भिंतीवर मोहाची तीनच झाडं झाली होती आणि चौथ्याचं नुसतं खोड. परतीचा टेम्पो शनिवारचा ठरला.

फुलवंताबाईंना मी यातलं काही सांगितलं नाही. गावात एखादी गोष्ट कळायला सांगावी लागत नाही. शुक्रवारी सकाळी पाण्याचा ग्लास पुढं ठेवून त्या म्हणाल्या, "तुमचं नुकसान झालं जी माह्यापायी."

"नाही, बाई. मी तुम्हाला त्या दिवशी गप्प बसायला सांगितलं. ते मी सांगायला नको होतं."

त्यांनी मान हलवली. त्या पुढं काही म्हणणार होत्या की नाही कोण जाणे, कारण तेवढ्यात गेटवर एक पांढरी फियाट येऊन थांबली.

*

डॉक्टर उतरले. प्रवासानं थकलेले दिसत होते. नमस्कार-चमत्कार काही नाही. हातात बॅटरी होती.

"कुठंय?"

मी दालन उघडलं. ते वाघाजवळ गेले, पँट गुडघ्याशी जरा वर ओढली आणि हळूच जमिनीवर बसले. त्या भुशात, तसेच. मग पुढचा डावा पंजा हातात घेतला. एकेक बोट, बोटांमधली जागा, नख, खालची गादी. डोळे मिटून चाचपत होते. बॅटरी बाजूला पडली होती. डावा झाला, उजवा झाला, मागचे दोन्ही झाले. पुन्हा डावा घेतला.

"म्हैसूरला पाठवला होता भरायला," ते मला म्हणाले की स्वतःला, कळेना. "मनात आलं, कारागिरानं एखादं बोट नवं बसवलं असेल, म्हणून दिसत नसेल. पण मग हाताला शिवण लागली असती. आयुष्यभर शिवणीच घातल्यात मी. इथं शिवण नाही."

ते उठायला लागले, मी हात दिला.

"इतकी वर्षं घरात होता. बोटं मोजावीत असं मला कधी वाटलं नाही."

कपडे झटकायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही. "तुम्ही गेल्यावर थोरल्या बहिणीला फोन केला, रायपूरला. मी तेव्हा नागपुरात शिकत होतो, ती घरी होती. ती म्हणाली, म्हैसूरहून खोकं आलं ते बाबांनी उघडूच दिलं नाही. कोठारात ठेवायला लावलं. अकरा वर्षं, ते जाईपर्यंत, खिळे ठोकलेलं खोकं तसंच होतं. मी उघडलं, ते गेल्यावर. आणि बंदूक त्या उन्हाळ्यातच त्यांनी देऊन टाकली होती. मी लोकांना सांगत आलो, बाबांना बडेजाव आवडायचा नाही."

त्यांनी बॅटरी उचलून खिशात टाकली.

"त्या बाई इथं येतील?"

"त्या या खोलीत येत नाहीत."

"मग मीच जातो."

फुलवंताबाई हातपंपाजवळ पोती धूत होत्या. डॉक्टर त्यांच्यापासून चार हातांवर जाऊन उभे राहिले. सप्टेंबरातलं ऊन, वर झाड नाही.

"मी यशवंतरावांचा मुलगा," ते म्हणाले.

फुलवंताबाईंनी पोतं खाली ठेवलं, पदर सावरला. "दिसते जी. तसंच नाक आहे."

"तुम्ही पाहिलं होतं त्यांना?"

"आमच्या घरी आले होते ना. मायचं झालं, त्याच्या तिसऱ्या दिवशी."

डॉक्टर एक पाऊल पुढं आले. "काय म्हणाले?"

"काही नाही. अंगणात उभे होते. दुपार होती, ऊन मोठं होतं. बापानं खाट टाकली. बसले नाही. बाप म्हणाला, मालगुजार, बसा. तरी नाही बसले. पायात जोडा नव्हता त्याईच्या, मी तेच पाहत होतो, का मालगुजाराचे पाय भाजत असतील. लय वेळ उभे राहिले, आन् गेले."

"काहीच बोलले नाहीत?"

"काय बोलतील? बापाले माहीत होतं ते कायले आले. त्याईलेही माहीत होतं, का बापाले माहीत आहे."

"तुमचे वडील काही म्हणाले नंतर? त्यांच्याबद्दल?"

फुलवंताबाईंनी आठवायला वेळ घेतला. "म्हणत होता, वाघानं माणसं खाल्ले ते सगळ्यांनी पाह्यलं. मालगुजाराले आतून काय खाऊन रायलं ते कोणाले दिसत नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला. तो पुसायला काही सापडेना, म्हणून हातातच धरून ठेवला. ते तसेच उन्हात उभे होते. फुलवंताबाई ऑफिसात गेल्या आणि मी लिहायला बसतो ते स्टूल उचलून आणलं. बाजूच्या भिंतीच्या सावलीत ठेवलं, पदरानं पुसलं.

"बसा जी," त्या म्हणाल्या. "ते बसले नाही. तुम्ही तरी बसा."

डॉक्टर बसले. आणि मग सत्तर वर्षांचा तो माणूस गुडघ्यांवर कोपरं टेकून, तोंड खाली घालून रडला. फुलवंताबाई बाजूला पोत्याचं पाणी पिळत राहिल्या. मी गेटकडे जाऊन उभा राहिलो.

मला हाक आली तेव्हा त्यांचा आवाज पुन्हा डॉक्टरांचा झाला होता. "पेन आहे का? आणि कागद." स्टुलावर बसूनच त्यांनी लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मधेच विचारलं, "बाई, काय लिहू मी? तुम्ही सांगा."

"मले काय समजते जी लिहिण्यातलं."

"तरी."

"मायचं नाव लिहा," त्या म्हणाल्या. "ते कोठीच लिहिलेलं नाही."

मी तोंड उघडलं. नोंदवहीत ते नाव आहे, अस्वलाच्या खात्यात. मग मिटलं.

*

उद्घाटन दोन ऑक्टोबरलाच झालं. डॉक्टरांचा उरलेला चेक त्या शुक्रवारीच मला त्यांच्या ड्रायव्हरकडून मिळाला होता. तो त्यांनी येतानाच ड्रायव्हरजवळ देऊन ठेवला होता, पंजे तपासायच्या आधी. का, ते मी पुढं त्यांना कधी विचारलं नाही. साहेब माझ्यावर अखेरपर्यंत नाराजच होते. माझ्या गोपनीय अहवालात 'अनावश्यक गुंतागुंत निर्माण करतात' असा शेरा पडला आणि वर्षाच्या आत माझी बदली झाली. आता निवृत्तही झालो. नोकरीत पुढं बरीच कामं केली, मोठीही केली. काय केलंत असं कुणी विचारलं, तर मी या फलकाचंच सांगतो.

फलक असा होता: 'हा वाघ मालगुजार यशवंतराव बोरकुटे यांनी ११ एप्रिल १९४९ रोजी नरभक्षक समजून मारला. हा नरभक्षक नव्हता. हे कळले तेव्हा उशीर झाला होता. त्या वर्षी चिचझरीच्या रानात वाघाने मारलेली माणसे पुढीलप्रमाणे.' आणि खाली नावं.

फीत कापली, भाषण झालं, साहेब चहाला गेले. लोक आत शिरले ते वाघाकडे न जाता फलकासमोर दाटले. वाचता येणारे थोडे. कुणीतरी म्हणालं, "गुरुजी, वाचा ना जी." डॉक्टर मागं दाराशी उभे होते.

टेंभुर्णे गुरुजींनी वरचा मजकूर वाचला. मग त्यांनी पहिलं नाव वाचलं, "डोमा रघू उईके."

गर्दीतून एक म्हातारा हळू आवाजात म्हणाला, "माहा काका."

गुरुजी थांबले. त्यांना ते अपेक्षित नव्हतं. मग त्यांनी दुसरं वाचलं, "बिरजा सोमा वाघाडे."

"आमची आजी," एक बाई म्हणाली.

तिसऱ्याला दोन आवाज आले. चौथ्याला कुणीच नाही, मग मागून कुणीतरी म्हणालं, "त्याचं घरच उठलं जी. आमच्या शेजारचा होता." गुरुजी आता प्रत्येक नावापाशी थांबत होते. आमचा आजा. माही आत्या. माह्या बापाचा भाऊ, लग्न व्हायचं होतं. अकराव्या नावाला एक तरुण म्हणाला, "मी पाह्यलं नाही, पण माही पणजी."

"सुकरी लालसू कुमरे," गुरुजींनी वाचलं.

फुलवंताबाई दाराबाहेर पायरीवर होत्या. लोकांनी वळून पाहिलं आणि वाट दिली. त्या आत आल्या, फलकापाशी गेल्या, आणि गुरुजींना विचारलं, "कोणतं जी?"

गुरुजींनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी त्याच जागी आपलं बोट टेकवलं आणि अक्षरांवरून सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं.

"माही माय," त्या म्हणाल्या.